आक्काची कंबरदुखी

आमच्याकडं लग्न झालेली मुलगी आपण होऊन माहेरी येत नसे. तिला आणायला मुराळी जावा लागे. भाऊ असला तर भाऊ, नाहीतर चुलत्याचा एखादा मुलगा. मुराळी न जाता ती दारात उभी राहिली, तर काहीतरी बिनसलंय हे संध्याकाळच्या आत दोन्ही गावांत पसरे. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, मुराळी मी होतो. तिचं सासर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. आमचं गाव खाली पौडच्या बाजूला. भाताची आवणी उरकली, की पंचमीच्या आधी मी घोंगडी घेऊन निघायचो आणि तिला घेऊन यायचो. या कामाचा मला अभिमान होता. माणसाला माणूस आणून पोचवायचं काम आहे, असं वाटायचं.

ज्या वर्षाचं मी लिहितो आहे, तेव्हा मी फायनल पास होऊन लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर झालो होतो. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आक्काला तीन मुलं, धाकटं अजून अंगावर पीत होतं.

मी तिच्या अंगणात पोचलो तेव्हा तिची सासू ओट्यावर बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होती. तिची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. एकेक शेंग ती दोन्ही तळव्यांत धरून मोडत होती.

"आलास का मास्तर?" ती म्हणाली. "मला वाटलं, लोकांची पोरं मोजता मोजता सोताच्या बहिणीला इसरला."

"आवणी व्हायच्या आत कसा येऊ, मावशी? तुमी धाडली असती का?"

"न्हाईच धाडली असती!" ती हसली. "चिखलात तुला बी उतरवला असता. घेऊन जा आता, पर गौरीला माघारी पायजे. मला ह्या हातांनी गौर उचलायची न्हाई."

आक्का आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या घेताना माझं लक्ष तिच्या नखांवर गेलं. खडूसारखी पांढरी. मी वर पाहिलं. तोंडही तसंच. चूल सारवल्यावर वाळून येते तसा एक करडा, रक्त नसलेला रंग. मी म्हणालो, "वाळलीस की गं." ती म्हणाली, "आवणीत कोण वाळत न्हाई? तू फळ्याफुडं उभा ऱ्हातोस, तुला काय म्हाईत." आणि सासूसुद्धा हसली. मीही हसलो. विषय तिथं संपला.

वाटेत ती प्रत्येक चढाला बसत होती. थोरली दोघं आजीपाशी राहिली होती. धाकटं माझ्या खांद्यावर होतं, तिच्याकडं फक्त गाठोडं, तरी ती दगड दिसला की बसायची. "आईहून म्हातारी झालीस काय?" मी म्हणालो. "तीन लेकरं होऊ दे तुला, मग इचार," ती म्हणाली. एका ओढ्यापाशी ती थांबली. "तू फुडं हो. मी आलेच." मी वळणापलीकडं जाऊन तिकडं पाठ करून उभा राहिलो. तेवढं कळतं आमच्यातल्या कुठल्याही भावाला. बराच वेळ गेला. मूल रडायला लागलं. ती आली तेव्हा तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत धुतल्यासारखं ओलं होतं. "पाय घसरला," ती म्हणाली. मी बरं म्हणालो आणि चालू लागलो. भिजलेल्या पायवाटेवर पाय घसरतो, यात संशय घेण्यासारखं काय होतं? पण मी तेव्हा तिच्याकडं पाहिलं नव्हतं हे मला आठवतं. पाहायचं नसतं, म्हणून पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर आईनं तिला एकदा वरून खाली न्याहाळलं आणि बाजूला, पडवीत बसवलं. त्या काळी बाई महिन्याचे ते चार दिवस वेगळी बसे. शेतात राबायला मज्जाव नव्हता, पण चूल, पाणी, देव आणि धान्याची कणगी यांना हात लावायचा नाही. आक्का पडवीत घोंगडीवर बसून राहिली. माझी बायको तिला ताट वाढून सरकवायची. ती भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसायची, मूल मांडीवर. मी शाळेतून आलो की म्हणायची, "मास्तर, हितं बसायला मिळतंय बघ. सासरी बसाय मिळतंय व्हय?" ती गंमत करत होती. पण चार दिवस उलटून गेले तरी ती पडवीतच. आई आणि बायको आत काहीतरी कुजबुजत. मी उंबऱ्यात पाय टाकला की गप्प. एकदा मी विचारलं, "आई, आक्काला काय होतंय?" आई म्हणाली, "बायकांचं हाय ते. तू तुझं काम कर." रोज सकाळी आई तांदळाच्या धुवणात दूर्वांचा रस घालून तिला द्यायची. तो कशावर देतात हे मला माहीत नव्हतं. विचारावं असंही वाटलं नाही. बायकांचं म्हटलं की आम्ही पुरुष जागच्या जागी बहिरे होत असू.

सांगितलं ते माझ्या बायकोनं. रविवारी सकाळी आम्ही बांधावर गवत कापत होतो. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "अहो, एक बोलू? पर मी बोलले असं कुणाला कळता कामा नये."

"बोल."

"वन्संना बाळंतपणापासून अंगावर जातंय. थांबतच न्हाई. मी धुणं धुते ना त्यांचं, म्हणून मला ठाव." ती गवताची मूठ कापून बाजूला टाकत राहिली. "तिकडं त्या कुणाला बोलल्या न्हाईत. सासूबाईंचे हात चालत न्हाईत. वन्सं बाजूला बसल्या, तर चुलीपाशी कोण? म्हणून चौथ्या दिवशी डोक्यावरनं पाणी घ्यायचं आन् आत जायचं. जातंय तसं जातंच असतंय."

"मग सांगायचं की सासूला."

"काय सांगणार? इतके महिने विटाळात सगळ्यांना जेवू घातलं म्हणून? देवाला दिवा लावला म्हणून? औंदा त्यांची व्यालेली म्हस गेली. वन्सं म्हणतात, ती माझ्यामुळंच गेली. कुणी म्हणायच्या आधी त्याच म्हणतात."

मी उभा राहिलो. हातातला विळा खाली ठेवला. काय करावं ते सुचेना. मी रोज मुलांना आरोग्याचा धडा शिकवत होतो. नखं कापा, पाणी गाळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका. मुलं सुरात म्हणायची. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंगातून जीव गळत होता, त्यावर एक वाक्य तोंडातून काढायची मला सोय नव्हती. आक्काशी या विषयावर बोलणं म्हणजे तिला भर चौकात उघडं करणं. मी तसं मानत होतो. मानत होतो म्हणजे विचार करून नव्हे. जसं डाव्या हातानं जेवायचं नाही, तसं.

तरी एक सुचलं. पौडला आठवडी बाजारादिवशी पुण्याहून एक डॉक्टर यायचे. बाजारतळाच्या कडेला, एका दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे. मी आईला म्हणालो, "आक्काची कंबर दुखती म्हणती. बाजारात डॉक्टरांना दाखवून आणतो." आईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मला कळलंय हे तिला कळलं असावं. ती म्हणाली, "व्हय, कंबरच दुखती तिची. जा घेऊन." वडील म्हणाले, "सासरच्यांना इचारल्याबगर दवाखान्यात? उंद्या बोल लावतील, आमच्या घरात आजारी पडली व्हय म्हणून." आई म्हणाली, "कंबरंला कोण बोल लावतंय?" अशा रीतीनं ती कंबर आमच्या घरात सगळ्यांनी मिळून ठरवली.

इथं मला एक लिहिलंच पाहिजे. बायकोला बरोबर न्यावं, ती डॉक्टरांना आडोशाला सांगेल, हे मला त्याच दिवशी सुचलं होतं. तीही म्हणाली होती, "मी येऊ का वन्संसंगं?" मी नाही म्हणालो. कारण इतकं क्षुल्लक आहे की लिहिताना हात अडतो. नव्या बायकोला घेऊन बाजारात गेलं, की पारावरचे लोक म्हणत, मास्तर बायकू मिरवाय निघाला. मला ते नको होतं. म्हणून आम्ही दोघंच गेलो, भाऊ आणि बहीण.

डॉक्टरांच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीला लावलेला लांब बाक. बाकावर बाजारकरी. कुणाच्या पायाला गळू, कुणाला खोकला, एकजण नुसताच सावलीला बसलेला. पडदा नव्हता. आपला नंबर आला की टेबलाजवळ उभं राहायचं आणि सगळ्यांच्या देखत सांगायचं. ते त्यांच्या पायाचं, खोकल्याचं मोकळेपणी सांगत होते, इतर ऐकत होते, मध्येच सल्ला देत होते.

"काय होतंय बाई?" डॉक्टरांनी विचारलं.

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. पदर तोंडाशी नेला. "कंबर दुखती."

"आणखी?"

"न्हाई."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग जीभ. मग त्यांचा आवाज बदलला. "महिन्याची पाळी ठीक येते का? जास्त जातं का अंगावर?"

बाकावरचं बोलणं थांबलं. गळूवाला शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "आयला, बाजारात इचारायची गोष्ट हाय व्हय ही?" शेजारी फिसकन हसला. आक्काची मान इतकी खाली गेली की मला तिचं कपाळसुद्धा दिसेना. मूल माझ्या कडेवर होतं. ते डॉक्टरांच्या नळीकडं हात करत होतं.

"तुम्ही कोण? यजमान?"

"भाऊ."

"मग विचारा त्यांना. मला कळल्याशिवाय औषध कसं देऊ?"

मला विचारायचं काहीच नव्हतं. मला माहीत होतं. बाळंतपणापासून, थांबत नाही, एवढं मी सांगू शकलो असतो. मी एकदा आक्काकडं पाहिलं, एकदा बाकाकडं. तिनं नुसती मान हलवली. नको म्हणून.

"तसं काही नाही, डॉक्टर," मी म्हणालो. "कंबरच."

डॉक्टर क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. त्यांचा विश्वास बसला नसावा. पण बाकावर माणसं वाढत होती, डॉक्टरांना तिसऱ्या प्रहरच्या एस.टी.नं परतायचं होतं. त्यांनी रक्त वाढायच्या गोळ्या आणि तांबड्या औषधाची बाटली दिली. मला म्हणाले, "अंगात रक्त फार कमी आहे. उभ्या कशा आहेत याचं नवल वाटतं. पुण्याला नेऊन एकदा बाई डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका."

 परतीच्या वाटेवर ती एका झाडाखाली बसली आणि मूल माझ्याकडून घेतलं. पदराखाली घेता घेता म्हणाली, "बरं झालं बोलला न्हाईस. तिथंच मेले असते मी."

तिनं माझे आभार मानले. मला वाटलं, मी तिची अब्रू राखली. त्या दिवशी मला थोडं बरंसुद्धा वाटलं होतं, हे मी लपवणार नाही.

गोळ्यांनी म्हणा, बसून राहिल्यानं म्हणा, तिचा चेहरा जरा उजळला. आईनं तिला घोंगडीवरून उठू दिलं नाही. नाचणीचं आंबील, म्हशीचं दूध, जे असेल ते तिला आधी. सासरी ती सगळ्यांच्या मागून जेवायची आणि उरलंसुरलं खायची. तशी तर आमच्या घरात माझी आईही जेवायची, माझी बायकोही. ते मला तेव्हा दिसलं नाही. पुण्याला न्यायचं माझ्या मनात रोज येई. पण पुण्याला कंबरेसाठी कुणी नेत नाही. पुण्याला न्यायचं तर सासरी कळवायला हवं, कळवायचं तर कारण सांगायला हवं. आणि कारण सांगायला शब्द नव्हता. मी आईला म्हणालो, "तू कळव की तिच्या सासूला. तुमी बायका बायका." आई म्हणाली, "आन् ती म्हनंल, इतके दीस माझ्या देवघरात अशीच वावरली व्हय तुमची लेक? मग तिला नांदवतील का? तिच्या पोरांकडं कोण बघंल?"  

गौरीच्या आधी दाजी न्यायला आला. आक्काचा नवरा सरळ माणूस. कमी बोलायचा, तंबाखू मळत बसायचा. वडिलांनी त्याला जवळ बसवून विषय काढला.

"पावणं, पोरीची कंबर अजून धरती. पंधरवडाभर ठेवून घेतो."

"कंबर आमच्या बैलांची बी धरती, मामा," दाजी म्हणाला आणि कसनुसं हसला. "तुमचं खरं हाय. पर आईचे हात असे. गौर कोण आणंल? सून असताना गौर बिनसुनंची आली, तर गाव काय म्हनंल?"

वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. मग ते म्हणाले, "ते बी खरं."

आक्का आत गाठोडं बांधत होती.  गोळ्या संपल्या होत्या, बाटलीत थोडं औषध होतं, ते तिनं लुगड्याच्या घडीत गुंडाळून घेतलं.

मी त्यांना ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो. आक्का मागून येत होती, मूल दाजीकडं. मी ठरवून त्याच्या बरोबरीनं चालत होतो. दोन पुरुष, मोकळं रान, ऐकायला कुणी नाही. मनातल्या मनात मी वाक्य जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "दाजी, तिला जड उचलाय लावू नका. आन् जमलं तर पुण्याला बाई डॉक्टर असती, तिला दाखवा."

तो थांबला. "ती काय म्हनली का तुला?"

"न्हाई."

"मग?"

"तसंच. चेहरा बघून."

 तो आवाज खाली नेऊन म्हणाला, "चेहरा मला दिसत न्हाई व्हय, मास्तर? मला ती सांगत न्हाई. आईला इचारलं तर आई म्हनती, बायकांत नाक खुपसू नगंस. मी कुणाला इचारू, सांग की. तू शिकलेला हाईस."

 त्यालाही माहीत होतं, निदान अंदाज होता. मलाही माहीत होतं. एका शब्दाचं अंतर होतं आमच्यात. मी तो उच्चारला असता, तर माझ्या बायकोनं नणंदेचं उघड केलं असं झालं असतं, आक्का भावाशी असलं बोलते असं झालं असतं, देवाचा, चुलीचा सगळा हिशोब उकरला गेला असता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं आणि मी ओढ्याच्या काठावर थांबलो. आक्का पाण्यात उतरताना मागं वळून म्हणाली, "भाऊबीजंला ये रं. आन् रिकाम्या हातानं येऊ नगंस, मास्तर झालाईस आता."

भाऊबीज आली नाही. भाताची कापणी चालू असताना तिकडचा एक गडी शाळेत निरोप घेऊन आला. "आक्काला लई बरं न्हाई. बिगी चला." मी मुलांना सोडलं, शेतातून वडिलांना घेतलं आणि आम्ही निघालो. धरणाच्या पाण्याच्या कडेनं जाणाऱ्या वाटेवर आम्हाला समोरून डोली येताना दिसली. बांबूला घोंगडी बांधून तिच्यात माणूस घालून नेतात, ती डोली. चौघे वाहत होते, दाजी बाजूनं चालत होता. पौडला नेत होते तिला, तिथून पुण्याला. शेवटी निघाले होते.

त्यांनी डोली उतरवली. घोंगडीचा खालचा भाग काळा पडून ओला झाला होता. वाहणारे चौघेही दुसरीकडं बघत होते. एक पाण्याकडं, एक डोंगराकडं, बाकीचे दोघे आपल्याच पायांकडं. मी खाली बसलो. आक्काचे डोळे उघडे होते. तिनं मला ओळखलं. माणसं भोवती होती, वडील होते. मी विचारलं, "आक्का, कंबर दुखती का गं?"

ती म्हणाली, "व्हय."

तेवढंच बोलणं झालं आमचं. डोली पुन्हा उचलली. पुढच्या पिंपळाच्या वळणापर्यंतही गेली नसेल. दाजीनं हात वर करून थांबा म्हटलं. मग ते सगळे तिथंच उभे राहिले आणि थोड्या वेळानं आल्या वाटेनं परत फिरले.

तिला नेमकं काय झालं होतं हे मला कधी कळलं नाही. साधं औषधानं थांबणारं होतं, की कुठल्याही डॉक्टरच्या हातात नसलेलं, हे मला आजही ठाऊक नाही. पुढं बदली होऊन मी मोठ्या गावच्या शाळेत गेलो. तिथं एक डॉक्टरीण बाई मुलांना तपासायला यायच्या, चांगल्या बोलायच्या. त्यांना विचारावं असं मला किती वेळा वाटलं. मी त्यांना मुलांच्या खरजेबद्दल विचारलं, डोळ्यांबद्दल विचारलं. हे विचारलं नाही.

सगळं उरकल्यावर मी तिच्या सासूपाशी जाऊन बसलो. मला तिचा राग आला होता. मनाशी ठरवलं होतं, हिला आज बोलायचंच. ती ओट्यावर भिंतीला टेकली होती, वाकडी बोटं मांडीवर. मी तोंड उघडायच्या आधी तीच बोलली.

"मला कळत न्हवतं असं वाटतंय व्हय तुला?" ती म्हणाली. "ती वढ्यावर धुणं घेऊन जायची येगळं, पदरात दडवून. म्या बघितलं व्हतं."

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मला बी झालं व्हतं, तुझ्या दाजीच्या पाठच्या बाळतपनात. म्या कुटं सांगितलं माझ्या सासूला? आपसूक थांबलं. म्हनलं, तिचं बी थांबंल. मी इचारलं असतं, तर तिला बाजूला बसवाय लागली असती. मग ह्या हातांनी भाकरी मी थापली असती? म्हून बघून न बघितल्यावानी केलं. वाटलं, तिला बी तेवढंच बरं. देवाचं पाप म्या माझ्यावर घेतलं व्हतं, मास्तर. रोज दिवा लावताना म्हनायचे, काय असंल ते मला लाव, पोरीला लावू नगं."

मी बोलायला आलो होतो ते विसरलो. सासूला ठाऊक होतं, नवऱ्याला अंदाज होता, आईला आणि माझ्या बायकोला ठाऊक होतं, मला होतं. आक्का सासरी सगळ्यांपासून लपवत होती, सासरचे तिच्यापासून लपवत होते की त्यांना कळलंय, आणि माहेरी आम्ही ते कंबरेच्या नावाखाली झाकलं होतं. तिची लाज सांभाळायला आम्ही सगळेच जण तिच्याभोवती पाठ करून उभे राहिलो होतो. कुणीही वाईट नव्हतं. ते मला जास्त जड जातं. एखादा दुष्ट सापडला असता, तर मी त्याला धरून बसलो असतो.

आम्ही घरी परतलो, तेव्हा अंगणात भेटायला आलेली माणसं बसली होती. कुणीतरी वडिलांना विचारलं, "काय झालं व्हतं ओ पोरीला? चांगली हिंडतफिरत व्हती की पंचमीला." वडील म्हणाले, "ताप व्हता." मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ताप." एकजण म्हणाला, कापणीच्या दिवसांत असला ताप येतो, पाणी बदलतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. बराच वेळ तापावर बोलणं चाललं.

माणसं उठून गेल्यावर मी गोठ्यात म्हशीला वैरण टाकायला गेलो. मागोमाग आई आली. ती कधी माझ्यामागं गोठ्यात येत नसे. दावणीपाशी उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "थांबलं व्हतं का रं ते? शेवटाला तरी?"

आईनं मला असं काही विचारलं, ते जन्मात पहिल्यांदा.

"न्हाई, आई," मी म्हणालो.

तिनं वैरणीची एक पेंढी उचलली, सोडली आणि म्हशीपुढं पसरली. मी दुसरी सोडली. पुढं आई बरीच वर्षं जगली, पण यावर आम्ही पुन्हा बोललो नाही.